नणंदेनं पळवलेला लॅपटॉप

सोनुनबूनं तो पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून वर केला, मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा, आणि तळघरातल्या शिलाई मशीनची घरघर एकेक करत बंद पडली.

"बघा गं पोरींनो," ती म्हणाली, "माझ्या भावजयीनं कारखान्यात आणलेली ही रोगराई. हिनं आपला अख्खा हंगाम खाल्ला."

बुरुलाय कापायच्या टेबलापाशी उभी होती. तिनं कात्री खाली ठेवली. सोनुनबू तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि बिश्केकच्या कडेला असलेल्या या शिवणकारखान्याची मालकीणही. अकरा वर्षं बुरुलाय इथं पॅटर्न काढत होती. कोटाची बाही किती उतरायची, मुंढा किती खोल घ्यायचा, हे सगळं ती ठरवायची. पोरी त्यावरून कापायच्या आणि शिवायच्या, आणि माल सायबेरियाच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. आज सकाळी संगणक सुरू केला, तर पडद्यावर लाल पान आलं. सगळ्या फायली कुलूपबंद. कुलूप उघडून हवं असेल तर पैसे पाठवा, अशी इंग्रजीत मागणी. हिवाळी कोटांचे सगळे पॅटर्न आत अडकले होते.

"एजे, ऐकून तरी घ्या," बुरुलाय म्हणाली. एजे म्हणजे ताई; नवऱ्याच्या बहिणीला ती मानानं तसंच म्हणायची. "पेनड्राइव्हवर लिनक्स आहे, विंडोजऐवजी चालणारं. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं. मी तुमच्या डिस्कला हातसुद्धा लावलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी फक्त तो फुकटचा पॅटर्नचा प्रोग्राम शिकत होते."

"फुकटचा! ऐकलंत? फुकट मिळतं त्याला रोगच असतो."

"रोग तुमच्या प्रोग्रामला होता. चोरीची प्रत आहे ती. बाजारातल्या त्या माणसानं संगणकात घालून दिली तेव्हाच मी म्हटलं होतं."

ते शब्द तोंडातून गेले आणि बुरुलायला कळलं, की आता मागे फिरणं नाही. सोनुनबूचा चेहरा उकळत्या पाण्यात टाकल्यासारखा लाल झाला.

"चोर? माझ्या छताखाली उभी राहून मला चोर म्हणतेस? तू आलीस तेव्हा तुला सरळ टीप मारता येत नव्हती, केलिन!" केलिन म्हणजे घरची सून, पण सोनुनबूच्या तोंडी त्या शब्दाला नेहमी मोलकरणीचा वास यायचा. "तुला स्वतंत्र धंदा मांडायचा होता. म्हणून माझे पॅटर्न त्यात भरून घेतलेस आणि माझं यंत्र मारलंस."

पोरी खाली मान घालून बसल्या. कोण बोलणार? पगार सोनुनबूच्या हातून यायचा.

बुरुलायनं स्वतःची कात्री आणि मोजपट्टी पिशवीत टाकली. सोनुनबूच्या बोटांतून पेनड्राइव्ह काढून घेतला, अगदी सावकाश, आणि जिना चढून वर आली. बाहेर ट्रकमध्ये गठ्ठे भरत तिचा नवरा जोल्दोश उभा होता. तोही बहिणीच्याच नोकरीत, तिची गाडी चालवायचा.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बहिणीला विचार."

"तू माफी माग ना. ती ओरडते, मग विसरते."

"मी विसरत नाही," असं म्हणून बुरुलाय मार्शरुत्का, म्हणजे वस्तीकडची मिनीबस, पकडायला निघून गेली.

पुढचे काही दिवस घरात चहासुद्धा आवाज न करता ओतला जायचा. बुरुलायनं मनाशी ठरवलं होतं. पॅटर्न काढायला कारखाना लागत नाही. टेबल लागतं, डोकं लागतं आणि एक लॅपटॉप. वस्तीत शिवणाऱ्या बायका घरोघर होत्या, आणि चांगला पॅटर्न काढणारी माणसं थोडी. फुकटचा प्रोग्राम तिला आता येत होता. शिवणकामावर बोलणाऱ्या रशियन बायकांच्या एका गटात तिनं महिनोन्‌महिने वाचलं होतं, की कुठलं यंत्र लिनक्सला मानवतं आणि कुठलं नाही. नवं घेऊ नये, नव्याला लिनक्स ओळखायला वेळ लागतो. खेळायचं यंत्र घेऊ नये, त्याचं चित्रांचं कार्ड त्रास देतं. ऑफिसांमधून निघालेलं, काळं, ओबडधोबड यंत्र बघावं. आठ जीबी रॅम असावी, फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असावी. आणि काही झालं तरी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तिच्याकडे वीस हजार सोम होते. त्याच्यावर एक कवडी नव्हती.

शनिवारी ती बाजारामागच्या दुमजली इमारतीत गेली. वरच्या मजल्यावर जुन्या लॅपटॉपवाल्यांचे काचेचे गाळे एकमेकांना खेटून होते, मध्ये मटण भरलेल्या सामसांचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा मिसळलेला वास. पहिल्या दोघांनी पेनड्राइव्ह बघताच हात झटकले. तिसऱ्या गाळ्यात मेदेर नावाचा, दाढी कोरून ठेवलेला माणूस बसला होता.

"एजे, हा घ्या," तो म्हणाला. त्यानं एक चकचकीत यंत्र उघडलं. कळांखाली लाल-निळे दिवे पळायला लागले. "लग्नातल्या मंडपासारखा! मुलगा खूश होईल."

"मला मुलगा नाही. ते मागचे काळे दाखव. विटांसारखे रचलेत ते."

"ते? ते जर्मनीतल्या कारकुनांनी वापरून टाकलेत."

"कारकून यंत्र आपटत नाहीत. दाखव."

मेदेरनं कंटाळून एक काढलं. बुरुलायनं ते सुरू केलं, पेनड्राइव्हवरून चालू करायचं म्हणून कळ दाबली, तर यंत्रानं पासवर्ड विचारला.

"हे आतून कुलूप लावलेलं आहे," ती म्हणाली. "ज्या कंपनीचं होतं तिचं कुलूप. मला नको."

"त्यानं काय बिघडतं? विंडोज चालतंय ना?"

"मला विंडोज नको."

शेजारच्या गाळ्यातला माणूस ओरडला, "मेदेर, तुझ्याकडे हॅकर आलीय रे! पाकीट सांभाळ!" ओळीनं सगळे हसले. बुरुलायच्या कानशिलात ठणका उठला, पण तिनं मान वळवली नाही.

दुसरं यंत्र पेनड्राइव्हवरून झटकन उघडलं. पडदा स्वच्छ, कळा घट्ट, बिजागरी कडक. फक्त वायफाय दिसेना.

"वायफाय सापडत नाही याला."

"चष्मा घाला, सापडेल."

"तुझ्या फोनला सापडतंय, याला नाही."

"तुमच्या त्या भिकारड्या लिनक्समुळे! यंत्र सोन्यासारखं आहे. नाचता येईना अंगण वाकडं!" मेदेर इतक्या मोठ्यानं बोलला, की पलीकडच्या गिऱ्हाइकांनीही वळून पाहिलं. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर दुपारची वेळ खाऊ नका. बाजारात येतात, हात लावतात, चोळामोळा करतात, आणि शेवटी चहा पिऊन घरी!"

"चहा तू अजून दिलेला नाहीस," बुरुलाय म्हणाली. "तिसरं काढ."

तिसऱ्याच्या कोपऱ्याला टवका होता आणि कळांवरची अक्षरं घासून गेली होती. पण पेनड्राइव्ह लावल्यावर सगळं ओळीनं उभं राहिलं: वायफाय, आवाज, टचपॅड. तिनं झाकण मिटलं, थोडं थांबून पुन्हा उघडलं; यंत्र झोपलं आणि जागं झालं. बॅटरी किती झिजली आहे ते पाहिलं. मग पॅटर्नचा प्रोग्राम उघडून अस्तरासकटचा एक बायकांचा कोट पडद्यावर आणला आणि मुंढ्याची रेघ ओढून इकडून तिकडे फिरवली. सगळे तुकडे तिच्या बोटामागे न अडखळता वळले. किती दिवसांनी तिला छातीत हवा भरल्यासारखं वाटलं. हेच, तिनं मनात म्हटलं.

"किती?"

"वीस."

"टवका आहे. अक्षरं गेलीत. अठरा."

मेदेरनं आढ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला, शिवी घशातच गिळली. "अठरा. आणि आता जा बाई, माझ्या डोक्याला मुंग्या आल्या."

बुरुलायनं पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि आतल्या खिशातून नोटा काढायला कोटाची बटणं सोडायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बावीस देते."

आवाज ओळखायला वळून बघायची गरज नव्हती. सोनुनबू कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून उभी होती. तिचा संगणक मेला होता, म्हणून तीही दुसरा घ्यायला आली होती. आणि समोरच्या गाळ्याच्या आडोशाला उभी राहून हा सगळा तमाशा केव्हापासून बघत होती. तिच्यामागे जोल्दोश, खांद्यावर रिकामी पिशवी.

"माझा सौदा झालाय," बुरुलाय म्हणाली.

"हातावर हात पडला? पैसे गेले? मग कसला सौदा?" सोनुनबू मेदेरकडे वळली. "बावीस. रोख."

मेदेरची कोरलेली दाढी रुंदावली. "बाजार आहे, एजे," तो बुरुलायला म्हणाला. "जो जास्त देईल त्याचा."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" बुरुलायचा आवाज चिरकला. "तुम्ही तो उघडूनसुद्धा पाहिला नाहीत!"

"कशाला पाहू? तू पाहिलास ना." सोनुनबू नोटा मोजत म्हणाली. "अकरा वर्षं बघतेय, कापडातली एक गाठ तुझ्या नजरेतून सुटत नाही. तू निवडलंस म्हणजे माल चोख. एवढ्याकरता तरी तुला खाऊ घातलं त्याचं चीज झालं." मग मागे न बघता, "जोल्दोश, उचल."

बुरुलायनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळा गाळा त्याच्याकडे बघत होता. जोल्दोशनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा बहिणीकडे, मग जमिनीकडे. आणि त्यानं लॅपटॉप उचलून पिशवीत घातला.

ते दोघं जिन्याकडे गेले. शेजारचा गाळेवाला आता हसत नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं भांडण उघड्यावर बघितल्यावर माणूस जसा उगाच कामात गढतो, तसा तो फडक्यानं काच पुसत बसला होता. बुरुलायच्या अंगाचा तिळपापड झाला होता. निघून जावं, घरी जाऊन उशीत तोंड खुपसावं, असं क्षणभर वाटलं. पण रिकाम्या हातानं घरी जाणं म्हणजे सोमवारी पुन्हा त्या तळघरात जाणं. ती तिथंच उभी राहिली.

"ते दुसरं काढ," ती मेदेरला म्हणाली. "वायफाय नसलेलं."

"ते वीस."

"बारा."

"वेड लागलंय? सोन्यासारखं यंत्र..."

"सोन्यासारखं आहे? मग चालवून दाखव. सगळ्यांसमोर म्हणालास ना, दोष लिनक्सचा आहे म्हणून? लाव तुझं विंडोज. लाव की! वायफाय आलं तर वीस देते."

मेदेर जागचा हलला नाही. तो हलला नाही, यावरूनच तिला कळलं, की वायफाय मुळातच मेलेलं आहे आणि त्याला ते माहीत आहे. पलीकडचा गाळेवाला फडकं टाकून म्हणाला, "दाखव ना रे, मेदेर. आम्हालाही बघू दे." पुन्हा हशा पिकला, या वेळी मेदेरवर.

"पंधरा," मेदेर दातओठ खात म्हणाला.

"तेरा, आणि चार्जर."

त्यानं यंत्र तिच्यापुढे सरकवलं आणि चार्जर टेबलावर असा फेकला की तो घरंगळत खाली पडला. "परत येऊ नका."

"तू बोलावलंस तरी येणार नाही."

जिन्याच्या वळणावर एक बाई केबलांचा ढीग घेऊन बसली होती. बुरुलायनं तिच्या शेजारी पायरीवरच बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पेनड्राइव्हवरून पुन्हा चालू केला. बाहेरून लावायचे वायफायचे तुकडे ती एकेक लावून बघायला लागली. बाई वैतागली, "अहो, आख्खं दुकान उचकटताय!" पण बुरुलायनं हात थांबवला नाही. एक तुकडा मेला, दुसराही. मग नखाएवढा एक लावला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात इमारतीतल्या साऱ्या गाळ्यांची नावं भराभर उगवली. मेदेरचंही होतं त्यात. ती एकटीच कडवट हसली.

संध्याकाळी जोल्दोश घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिनक्स कायमचं बसवत होती.

"उचललास," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"मोठी बहीण आहे माझी. आईनंतर तिनंच वाढवलं मला. चारचौघांत कसं नाही म्हणू?"

"आणि मी?"

"तू समजून घेणारी आहेस."

"ती समजून घेणारी मेली," बुरुलाय म्हणाली. "आज दुपारी, मेदेरच्या गाळ्यात. आता जी आहे तिच्याशी सांभाळून बोल."

जोल्दोश जोडे काढून आतल्या खोलीत गेला.

पहिलं काम मिळायला वेळ लागला. सोनुनबूनं वस्तीभर सांगून ठेवलं होतं, की भावजयीनं पॅटर्न चोरले आणि कारखाना बुडवला. दोन बायकांनी बुरुलायला दारातूनच परत पाठवलं. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "तुझ्या पेनड्राइव्हसकट ये आणि माझंही यंत्र मार, असंच ना?" बुरुलाय पुढच्या दाराकडे वळली. तिसऱ्या घरातल्या झुल्फियाला अफवांशी देणंघेणं नव्हतं. तिला थोराड बायकांसाठी झगा हवा होता, बगलेत न काचणारा. बुरुलायनं काढून दिला. झगा बसला. झुल्फियानं चार जणींना सांगितलं, आणि त्यातल्या दोघी आल्या. पैसे फारसे नव्हते, पण पॅटर्न तिच्या नावावर होते. पानाच्या कोपऱ्यात तिनं स्वतःचं नाव टाकायला सुरुवात केली होती. अकरा वर्षांत कारखान्यातल्या एकाही पानावर ते नव्हतं.

पहिलं बर्फ पडून वितळलं त्या आठवड्यात दार वाजलं. सोनुनबू. मागे जोल्दोश, काखेत तोच टवका उडालेला लॅपटॉप.

सोनुनबू न विचारता खुर्चीवर बसली. टोपी काढली नाही. "त्या बाजारवाल्यानं यात आधीचाच प्रोग्राम टाकला," ती म्हणाली. "आठवड्यात पुन्हा लाल पान. नव्या पोरीनं हातानं काढलेले कोट खांद्यात ओढतात. व्यापारी माल परत करतोय."

बुरुलायला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याची चव करपलेल्या लोण्यासारखी होती.

"हा तू निवडलेलाच लॅपटॉप आहे," सोनुनबू पुढे म्हणाली. "तुझं ते लिनक्स यात घाल. सोमवारपासून ये. पगार वाढवते. पॅटर्नची मुख्य तू. पोरींवर हुकूम तुझा."

"आणि पेनड्राइव्हचं काय?"

"त्याचं काय?"

"पोरींसमोर उभ्या राहून तुम्ही मला रोगराई म्हणालात. त्याच पोरींसमोर म्हणा, की बुरुलायनं काही केलं नव्हतं. एवढंच. पगार जुनाच द्या."

सोनुनबूनं हातमोजा काढला, पुन्हा घातला. तिच्या हनुवटीखालची शीर उडत होती. बुरुलायला एक क्षण वाटलं, ही म्हणेल. म्हणाली तर मी जाईन, तिनं स्वतःशी कबूल केलं. मला ते मोठं टेबल हवंय, तो उजेड हवाय.

"माझ्या कारखान्यात," सोनुनबू शेवटी म्हणाली, "मी नोकरांपुढे मान खाली घालायची? तू निर्दोष आहेस हे मी कशावरून म्हणू? मला काय माहीत त्या काडीत काय होतं ते?"

"आता दुसऱ्यांदा लाल पान आलं. तेव्हा कुठं होती माझी काडी?"

"मरेन, पण म्हणणार नाही."

"बरं," बुरुलाय उठली. टेबलावर सकाळचं नान होतं. दारात आलेल्या माणसाला, मग तो वैरी का असेना, नान चाखल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तिनं ताटली पुढे केली. "नान चाखा, एजे. आणि निघा."

सोनुनबूनं चिमटीएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावलासुद्धा नाही. उठली. "लॅपटॉप ठेव," ती भावाला म्हणाली, "कचऱ्यात टाकला तरी चालेल."

"ठेवू नका," बुरुलाय म्हणाली. "तुम्ही बावीस दिलेत. तुमचा आहे तो."

दोघंही गेले. खाली ट्रकचं दार धाडकन आपटलं. बुरुलायनं टेबल पुसलं आणि शेजारच्या गल्लीतून छापून आणलेली पानं जमिनीवर मांडली. झुल्फियाच्या नव्या गिऱ्हाइकाचा लांब कोट होता. तीसेक पानं कडेला कड लावून चिकटवायची होती. ती गुडघ्यांवर बसून काम करत असताना जोल्दोश परत आला. एकटा. त्याच्या खांद्यावर नव्यानं पडू लागलेलं ओलं बर्फ होतं.

"ती गाडीत रडत होती," तो म्हणाला.

"रडू दे."

"मी ट्रकच्या चाव्या तिला परत दिल्या."

बुरुलायनं मान वर केली. त्यानं चाव्या का दिल्या, बहिणीनं मागितल्या की यानं आपण होऊन दिल्या, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि तिनं विचारलं नाही. त्याला जवळ घ्यावं इतकं तिचं मन अजून वितळलेलं नव्हतं. तिनं चिकटपट्टीचं टोक त्याच्याकडे सरकवलं.

"जोडे काढ," ती म्हणाली. "तो कोपरा धर, आणि पानांवर पाय देऊ नकोस."